नाव झाकले, तर संत्रे ओळखता येते?

नागपूरच्या माणसासमोर संत्र्याच्या चवीविषयी शंका काढणे धोक्याचे असते. ‘आमचे संत्रे डोळे मिटूनही ओळखू’ हे वाक्य या शहरात इतक्या वेळा उच्चारले जाते, की त्याची परीक्षा घ्यावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परीक्षा मात्र सोपी आहे. डोळ्यांवर पट्टी बांधावी, तीन वाट्यांत फोडी द्याव्यात आणि निराळी वाटी कोणती ते विचारावे. या साध्या खेळाला जगभर मोठा इतिहास आहे. चहा, मद्य, कॉफी, चॉकलेट, इतकेच काय सिगारच्याही शौकिनांनी तो आपापल्या परीने खेळला आहे, आणि त्यातून जिभेविषयी जे कळले ते संत्र्यालाही लागू पडते.

सिगारचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. सिगारभोवती ब्रँडचे नाव छापलेले कागदी कडे असते. शौकीन मंडळी आपापसांत खेळताना हे कडे काढून टाकतात, सिगारवर केवळ क्रमांक टाकतात आणि तो कोणत्या देशाचा, कोणत्या पानाचा, कोणत्या ब्रँडचा हे ओढणाऱ्याने सांगायचे असते. सौम्य की कडक, पान उजळ की काळपट, गुंडाळी घट्ट की सैल हे बहुतेकांना सांगता येते. देशाचे नाव सांगताना मात्र भलेभले अडखळतात. त्याला कारणही आहे. १९६० साली क्युबात तंबाखूचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले. देशाबाहेर पडलेल्या मालकांनी तीच नावे इतरत्र चालू ठेवली. मोंटेक्रिस्टो किंवा रोमिओ अँड ज्युलिएट या नावांचे सिगार आजही क्युबात आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये, असे दोन्हीकडे तयार होतात. क्युबन बियाण्याचा तंबाखू निकाराग्वातही पिकतो. वाण एक आणि माती दुसरी, नाव एक आणि देश दोन, अशा गुंत्यात जिभेने निवाडा करावा तरी कसा? शिवाय एक कडक सिगार ओढून झाल्यावर जीभ बधिर होते आणि दुसऱ्याची परीक्षा पहिल्याच्या छायेत होते. धूर छातीत न घेताही तोंडाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही, हा भाग निराळा. परीक्षेसाठी संत्रे हे सर्वार्थाने बरे फळ आहे.

वाण आणि माती यांचा हाच गुंता संत्र्याच्या बाबतीत नागपूरच्या दाराशी येऊन ठेपला आहे. नागपुरी संत्रे म्हणजे शास्त्रीय भाषेत ‘सिट्रस रेटिक्युलाटा’ या जातीचे, सैल सालीचे फळ. भोसल्यांच्या काळात औरंगाबादेहून ते नागपुरात आले, असे परंपरेने सांगितले जाते. म्हणजे ज्या फळाला शहराने आपले नाव दिले, तेही मुळात पाहुणेच. पुढे काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यात त्याच्या बागा पसरल्या. हाच वाण राज्याची सीमा ओलांडून मध्य प्रदेशात सौंसर आणि पांढुर्ण्याकडे गेला, राजस्थानात झालावाड जिल्ह्यातही रुजला. तिकडच्या झाडाला आलेले फळ वाणाने नागपुरीच. ते नागपूरचे म्हणायचे की नाही, हा प्रश्न जिभेचा नसून कायद्याचा आहे. ‘नागपूर ऑरेंज’ या नावाला २०१४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. तेव्हापासून हे नाव केवळ फळाचे राहिलेले नाही, ते ठरावीक प्रदेशातून आलेल्या फळाचे झाले आहे. पांढुर्ण्याची बाग आणि नरखेडची बाग यांमध्ये पाहणाऱ्याला सीमारेषा दिसत नाही. फोड खाणाऱ्याला ती जाणवेल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

किन्नोची गोष्ट मात्र वेगळी. किन्नो हा दुसराच वाण आहे. कॅलिफोर्नियात एच. बी. फ्रॉस्ट यांनी ‘किंग’ आणि ‘विलो लीफ’ या दोन जातींचा संकर १९१५ साली केला आणि त्यातून निवडलेले झाड १९३५ साली लागवडीसाठी दिले. विसाव्या शतकाच्या मध्यास ते पंजाबात स्थिरावले आणि अबोहरच्या परिसरात त्याच्या विस्तीर्ण बागा उभ्या राहिल्या. गंमत अशी, की वरूडला ‘विदर्भाचे कॅलिफोर्निया’ म्हणण्याची पद्धत आहे आणि नागपुरी संत्र्याचा बाजारातील प्रतिस्पर्धी खऱ्या कॅलिफोर्नियातून आलेला आहे. उत्तरेकडच्या शहरांत हातगाडीवर ‘नागपुरी’ म्हणून किन्नो खपवला जातो, अशी तक्रार विदर्भातील बागायतदार अनेक वर्षे करीत आले आहेत. गिऱ्हाईक नावाला पैसे देते आणि घरी जाऊन वेगळेच फळ खाते. त्यात नुकसान दोघांचे होते. गिऱ्हाईक फसते, आणि ते फळ न आवडल्यास दोष नागपूरला लागतो.

या दोन फळांतील भेद उघड्या डोळ्यांना लपत नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, बोटाच्या हलक्या दाबाने सुटते आणि देठाकडे बहुधा थोडा उंचवटा असतो. किन्नोची साल गर्द केशरी, गुळगुळीत आणि गराला चिकटून बसलेली. बियांचा फरक तर फारच मोठा. नागपुरी फळात बिया मोजक्या असतात, किन्नोत त्या डझनावारी निघतात. म्हणूनच साल आणि बिया समोर असताना कोणीही तज्ज्ञ ठरतो. खरा प्रश्न त्या काढून घेतल्यावर सुरू होतो.

केवळ रंग बदलला तरी जाणकार कसे फसतात, याचा एक प्रयोग फ्रान्समधील बोर्दो येथे झाला आणि २००१ साली प्रसिद्ध झाला. मद्यशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन वासहीन रंग घालून तांबडी करून देण्यात आली. त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनला शोभतील अशाच शब्दांत केले. त्याआधी, २४ मे १९७६ रोजी, पॅरिसमध्ये याहून गाजलेली घटना घडली होती. स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नाव झाकून ठेवल्या. तांबड्या आणि पांढऱ्या अशा दोन्ही गटांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाने पटकावला. परीक्षकांच्या जिभा वाईट नव्हत्या. नाव दिसत असते तर त्याच जिभांनी वेगळा निकाल दिला असता, एवढेच.

दुसऱ्या बाजूची साक्षही आहे, आणि ती संख्याशास्त्रात अजरामर झाली आहे. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात १९२० च्या दशकात म्युरिअल ब्रिस्टल या शैवालशास्त्रज्ञ बाईंनी असा दावा केला, की कपात दूध आधी ओतले की चहा आधी, हे आपण चवीवरून सांगू शकतो. सहकारी रोनाल्ड फिशर यांनी त्यावर वाद घातला नाही, परीक्षा आखली. पुढे १९३५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ती सविस्तर मांडली. आठ कप, चार एका पद्धतीचे आणि चार दुसऱ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात. म्हणजे निव्वळ अंदाजाने सगळे कप बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये एक. बाईंनी सर्व कप ओळखले, असे सांगितले जाते. फिशर यांचा मुद्दा मात्र निकालापेक्षा आखणीचा होता. दावा खरा की योगायोग, हे ठरवायचे तर योगायोगाचे माप आधी ठाऊक हवे.

नागपूरच्या घरात हीच परीक्षा घ्यायची, तर त्रिकोण चाचणी सर्वांत सोयीची. १९४० च्या दशकात डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्यात आणि अमेरिकेत सीग्राम या व्हिस्कीच्या कंपनीत ती आकाराला आली आणि आज अन्नपदार्थांच्या प्रयोगशाळांत सर्रास वापरली जाते. तीन वाट्यांपैकी दोहोंत एकच फळ, तिसरीत वेगळे. वेगळी वाटी ओळखायची. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तिनांत एक. सहा मित्र बसले आणि त्यांतील चौघांनी बरोबर सांगितले तरी विजयाचे ढोल वाजवू नयेत, कारण तेवढे यश दहांतून एकदा योगायोगानेही मिळते. सहापैकी पाच जण बरोबर निघाले, तर मात्र फरक खरोखर कळतो असे मानायला हरकत नाही. बारा जण असतील तर किमान आठ हवेत.

वेळ साधणे हा पहिला अडथळा. आंबिया बहराची संत्री ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून डिसेंबरपर्यंत बाजारात येतात, मृग बहराची फेब्रुवारीपासून पुढे. किन्नोचा हंगाम साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत चालतो. त्यामुळे दोन्ही फळे ताजी मिळण्याचा काळ तोकडाच असतो. त्यातही आंबियाच्या फळाची आंबट-गोड चव आणि मृगाच्या फळाचा अधिक गोडवा यांत इतके अंतर पडते, की एकाच बागेतील दोन बहरांची फळे दोन वाण समजून बसण्याचा धोका असतो. ‘नागपुरी संत्र्याची चव’ असे एकवचन वापरताना जरा थांबावे, ते याचसाठी.

फळाफळांतील फरक हा दुसरा आणि मोठा अडथळा. एकाच झाडावर बाहेरच्या फांदीवर उन्हात वाढलेले फळ आतल्या सावलीतल्या फळापेक्षा गोड असते. एकाच फळातही देठाकडचा भाग कमी गोड आणि खालचा भाग अधिक गोड लागतो. तेव्हा एका वाटीत एका फळाच्या फोडी दिल्या, तर परीक्षा वाणाची न होता त्या एका फळाची होते. पाच-सहा फळे सोलून, त्यांच्या फोडींचे तुकडे करून ते एकत्र मिसळावेत. बिया आणि पांढरे धागे काढून टाकावेत. सोलण्याचे काम दुसऱ्या खोलीत व्हावे, कारण साल फाटताच उडणारा तुषार सगळे गुपित फोडतो. सालीतील तेलात लिमोनीन या सुगंधी द्रव्याचा वाटा सर्वाधिक असतो आणि आपण ज्याला संत्र्याची चव म्हणतो, तिचा बराचसा भाग नाकाने घेतलेला वास असतो. नाक चिमटीत धरून फोड खाल्ली की गोड आणि आंबट एवढेच उरते, संत्रे नाहीसे होते. हा प्रयोग मुलांना फार आवडतो.

वाट्यांवर ‘अ’, ‘ब’ किंवा १, २ लिहू नये. पहिला क्रमांक दिसला की मन त्याला झुकते माप देते. प्रयोगशाळांत त्यासाठी तीन अंकी, कसलाही अर्थ नसलेले क्रमांक वापरतात. फोडी थंडगार नसाव्यात, थंडीत गोडी दबते. प्रत्येक घासानंतर साधे पाणी प्यावे. आणि तोंडात खर्रा असलेल्याला पंच नेमू नये. नागपुरात ही सूचना गमतीने केलेली नाही.

रस काढून परीक्षा घेणे सोपे वाटते, पण ते टाळावे. संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने त्यात कडवटपणा उतरतो. गरात आणि पापुद्र्यात असलेले, चवीला कडू नसलेले एक द्रव्य रसातील आम्लामुळे हळूहळू लिमोनिन या कडू द्रव्यात बदलते. (सालीतील सुगंधी लिमोनीन निराळे, नावांच्या या साम्याने अभ्यासकही वैतागतात.) नागपुरी संत्र्याचा रस बाटलीत भरून टिकवणे कठीण जाते, त्यामागे हा कडवटपणा हे एक प्रमुख कारण आहे. रसाचे उद्योग वरूड-काटोलच्या पट्ट्यात अपेक्षेइतके का रुजले नाहीत, या प्रश्नाची मुळे बाजारभावात आणि सरकारी धोरणात शोधली जातात. त्यांतील एक मूळ या रसायनात आहे.

अशा काटेकोर परीक्षेत नागपुरी आणि किन्नो यांतील वेगळी वाटी शोधणे सरावलेल्या जिभेला अवघड जाऊ नये, कारण वाण वेगळे, आंबट-गोडाचा तोल वेगळा, गराचा पोतही वेगळा. परंतु ‘वेगळी वाटी कोणती’ या प्रश्नानंतर ‘त्यातील नागपुरी कोणती’ हा दुसरा प्रश्न येतो आणि तो बराच कठीण असतो. फरक जाणवणे आणि नाव सांगणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सिगारच्या शौकिनांना देश सांगताना जे होते, तेच येथेही होते. नाव सांगण्यासाठी त्या चवीची आठवण हवी, आणि आठवण बहर, बाग आणि वर्ष यांनुसार बदलत जाते. नरखेड आणि पांढुर्णा यांच्यातील परीक्षेत तर पहिल्या प्रश्नाचेही उत्तर येईलच असे नाही. जंबेरीच्या खुंटावर बांधलेले झाड आणि रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेले झाड यांच्या फळांत जितका फरक पडू शकतो, तितका फरक त्या दोन गावांत सापडेल याची खात्री देता येत नाही.

भौगोलिक निर्देशांकाचे रक्षण जिभेवर सोपवता येत नाही, ते यामुळेच. त्यासाठी बागेची नोंद, पेटीवरचे लेबल आणि माल कोठून निघाला याची लेखी साखळी लागते. नागपुरात अमरावती मार्गावर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. १९८५ पासून येथे या फळांवर काम चालते आणि २०१४ साली तिला सध्याचा केंद्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. फळाची गोडी तेथे जिभेवर न सोडता ब्रिक्समध्ये, म्हणजे रसातील विद्राव्य घटकांच्या मापात मोजली जाते. हातात मावणारे, दुर्बिणीसारखे दिसणारे हे मापनयंत्र आता हौशी माणसालाही विकत मिळते. काचेवर रसाचे दोन थेंब टाकले की आकडा दिसतो. चांगल्या नागपुरी संत्र्यात तो साधारण १० ते १२ च्या घरात असतो.

आकड्याला एक गोष्ट कळत नाही, तीही नोंदवायला हवी. संत्रे आंब्यासारखे आढीत पिकत नाही. झाडावरून उतरवल्यावर त्याची गोडी वाढत नाही. हिरवट फळांना इथिलीन वायू देऊन साल केशरी करता येते, पण आत जे होते तेच राहते. हातगाडीपाशी उभे राहून रंगावर भाळणारा नागपूरकर त्या क्षणी बोर्दोच्या विद्यार्थ्यांपेक्षा फार वेगळा नसतो. फळवाला कापलेली फोड पुढे करतो तेव्हा ती कोणत्या फळाची आहे, हे आधी पाहून घ्यावे.