ब्राउझरमधली सामायिक मेमरी: दिली, काढली, पुन्हा दिली

आजचा विषय तांत्रिक आहे, पण मी तो इतिहास म्हणून सांगणार आहे.

१९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला. एका वेळी एकच काम, असा तिचा कारभार. पुढे वेब वर्कर आले, म्हणजे जोडीला आणखी थ्रेड. पण एकाने दुसऱ्याला काही द्यायचं तर निरोप पाठवायचा, म्हणजे मजकुराची नक्कल करायची. माहिती अवजड असेल तर नक्कल करण्यातच वेळ जायचा.

२०१७ मध्ये 'शेअर्डअ‍ॅरेबफर' आणि 'अ‍ॅटॉमिक्स' भाषेच्या प्रमाणात दाखल झाले. आता अनेक थ्रेड एकच मेमरी वापरणार! यात गोंधळ कसा होतो बघा. मेमरीत ५ आहे. दोन थ्रेड एकदमच ५ वाचतात, दोघेही एक मिळवून ६ लिहितात. हवे होते ७. अ‍ॅटॉमिक्सची 'अ‍ॅड' क्रिया मध्ये कुणाला शिरू न देता हे उरकते. 'वेट'ने थ्रेड झोपतो, 'नोटिफाय'ने जागा होतो. पानाच्या मुख्य थ्रेडला मात्र ब्राउझर असं झोपू देत नाहीत, नाहीतर पानच गोठेल. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

३ जानेवारी २०१८ ला स्पेक्टर जाहीर झालं. प्रोसेसर पुढचं काम अंदाजाने करून ठेवतो. अंदाज चुकला की निकाल टाकतो, पण कॅशमध्ये खुणा उरतात. कुठली जागा लवकर वाचली जाते हे मोजलं, की पासवर्डसारखी गुपितंही हाती लागू शकतात. त्यासाठी फार बारीक घड्याळ लागतं, आणि सामायिक मेमरीत ते फुकट मिळत होतं! एक वर्कर नुसता आकडा वाढवत बसतो, दुसरा तो वाचतो. झालं घड्याळ. ही सोय करणाऱ्यांनी घड्याळ बनवलं नव्हतं हो, पण चोराला तेवढं पुरतं.

फायरफॉक्सने दुसऱ्याच दिवशी ती बंद केली, बाकीचेही लगोलग मागे आले.

परतीचा रस्ता लांबचा निघाला. क्रोमने वेगवेगळी संकेतस्थळं वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवून २०१८ मध्येच डेस्कटॉपवर ती परत दिली. फायरफॉक्सने २०२० मध्ये दिली, पण अटीवर: सर्व्हरने दोन हेडर पाठवून पान परक्यांपासून वेगळं ठेवायचं. २०२१ पासून क्रोमनेही डेस्कटॉपवर तीच अट घातली. म्हणून आज बाहेरून आणलेलं चित्र किंवा जाहिरात त्यांच्या सर्व्हरच्या परवानगीशिवाय अशा पानावर सहसा चालत नाही. तुमच्या पानाला ही मेमरी मिळते का, ते कन्सोलमध्ये 'क्रॉसओरिजिनआयसोलेटेड' लिहून बघा. 'फॉल्स' आलं, तर आधी ते दोन हेडर तपासा.