हातकरवतीपासून चक्री करवतीपर्यंत

चिखलीसारख्या इंद्रायणीकाठच्या गावांत सुतार हा बलुतेदार. नांगर-कुळव घडवून तो खळ्यावर बलुते घेई. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभे राहिले, १९६२ त औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि यंत्रे भरण्याच्या लाकडी खोक्यांबरोबर चक्री करवत आपल्या ज्ञातीच्या हाती आली. (इंग्लंडात सॅम्युएल मिलर याने तिचे पेटंट १७७७ सालीच घेतले होते!)

हातकरवत दमलेल्या हाताबरोबर थांबे. ही थांबत नाही. चिरलेली फट मागे मिटली की पाते अडकते आणि मागचे दात फळी उचलून कारागिराच्या अंगावर भिरकावतात. म्हणूनच १९६३ च्या महाराष्ट्र कारखाना नियमांनी पात्यामागे फट उघडी ठेवणारी पोलादी पट्टी, वर झाकण व लाकूड सारण्यास काठी आवश्यक केली. परंतु १९४८ च्या कारखाना कायद्याची मर्यादा विजेवरील कामास दहा कामगारांची होती. दोघा भावांची शेड तीबाहेर राहिली. पट्टी काढून ठेवली तर विचारणारा तेथे कोणी नव्हता.

जुने सुतार कानशीने दात लावल्यावाचून कामास बसत नसत. ती शिस्त यंत्राबरोबर सुटावयास नको होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. बोथट पात्यास जोर लावावा लागतो आणि जोर लावणारा हातच घसरतो. राळ साचलेले पाते तापते. वीज तोडून पाते पूर्ण थांबल्यावाचून ते साफ करू नये. फिरत्या पात्याजवळ हातमोजे तर मुळीच नकोत, ते दातांत सापडून हात ओढून नेतात.