प्रत कोणाची, भरवसा कशाचा?

भिवंडीच्या यंत्रमागांवर मजुरीच्या पद्धतीत व्यापारी सूत देतो आणि मागवाला त्याचे कापड विणून परत करतो. सूत एकदा हातावेगळे झाले की व्यापाऱ्याला मागवाल्याच्या सचोटीइतकाच तागडीचाही आधार लागतो. दिलेले सूत आणि आलेले कापड यांच्या वजनाचा मेळ बसावा लागतो. परक्याच्या हाती दिलेली वस्तू परत घेताना ती तीच आहे हे कशावरून ओळखावे, हा प्रश्न ग्रंथांनाही लागू आहे. मात्र ग्रंथाला तागडी नसते. संगणकाच्या जगात तशी तागडी घडवण्याचा जो प्रयत्न झाला, त्याचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी पाहण्यासारखा आहे. कारण त्यातले बहुतेक पेच मराठी पोथ्यांनी पूर्वीच अनुभवलेले आहेत.

शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रती पुढील सुमारे तीनशे वर्षे हातोहात फिरल्या. कोणी शब्द सोपा केला, कोणी ओवी वाढवली. शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणीही आपली ओवी त्यात घालू नये, असे बजावले. या इशाऱ्यामागे नैतिक अधिकार मोठा होता, परंतु तो मोडला गेल्यास ध्यानात येण्याची सोय नव्हती. ज्याच्या घरी पोथी, त्याच्या सद्बुद्धीवरच सारी भिस्त.

संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही हीच अडचण होती. एका प्रोग्रामवर शेकडो माणसे काम करतात. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याची वही ठेवणाऱ्या व्यवस्थेला व्हर्जन कंट्रोल म्हणतात, आणि अशा इतिहासासह जपलेल्या संग्रहाला रिपॉझिटरी. हा संग्रह सर्व्हरवर असतो, आणि आपली प्रत त्याच्याशी वेळोवेळी जुळवून घ्यावी लागते. तो सर्व्हरच विश्वासपात्र नसला तर?

नोव्हेंबर २००३ मध्ये याचे प्रत्यंतर आले. लिनक्सचा मूळ संग्रह तेव्हा बिटकीपर या व्यवस्थेत असे आणि सोयीसाठी त्याची एक प्रत सीव्हीएस या जुन्या व्यवस्थेत ठेवली जाई. कोणी अज्ञाताने या दुय्यम प्रतीत शिरून दोन ओळी घातल्या. तुलना करण्यासाठी जिथे बरोबरीची दोन चिन्हे हवीत, तिथे एकच लिहिले होते. त्यामुळे ‘वापरणारा सर्वाधिकारी आहे का’ या प्रश्नाचे ‘वापरणाऱ्याला सर्वाधिकारी कर’ या आज्ञेत रूपांतर होत होते. एका काना-मात्रेने अर्थ फिरावा, तसाच हा प्रकार. तो उघडकीस आला तो केवळ दोन प्रती ताडून पाहण्याच्या शिस्तीमुळे: दुय्यम प्रतीतल्या या बदलाची मूळ संग्रहात नोंदच नव्हती.

एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी ‘गिट’ लिहायला घेतले. गिटमध्ये प्रत्येक नोंदीचे नाव तिच्या मजकुरातूनच गणिताने काढलेले असते; या नावाला हॅश म्हणतात. त्या नोंदीत आधीच्या नोंदीचे नावही गुंफलेले असल्यामुळे मागचे एक अक्षर बदलले तरी पुढची सगळी नावे बदलतात. ग्रंथाला तागडी मिळाली ती अशी. २०११ मध्ये लिनक्सचे मुख्य सर्व्हर फोडले गेले, तेव्हा मूळ संहितेविषयी फारशी धास्ती वाटली नाही. जगभर विखुरलेल्या असंख्य प्रतींशी ती ताडता येत होती. अर्थात तागडीही अचूक राहतेच असे नाही. गिटने वापरलेल्या शा-१ पद्धतीत दोन भिन्न मजकुरांना एकच हॅश देता येतो, हे फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रत्यक्ष दाखवले गेले, आणि गिटला त्यावर उपाय योजावा लागला.

दुसरा पेच नाममुद्रेचा. मार्च २०२१ मध्ये पीएचपी या भाषेच्या सर्व्हरवर दोन घातक बदल दाखल झाले, तेही रासमुस लेर्डोर्फ आणि निकिता पोपोव्ह या तिच्या प्रमुख कर्त्यांच्या नावांवर. गिटच्या नोंदीत कर्त्याचे नाव कोणालाही कोणाचेही लिहिता येते. स्वतंत्र डिजिटल स्वाक्षरी नसेल तर ते नाव पुरावा ठरत नाही. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा आणि इतर ‘नामे’ मिसळल्याचे जाणणाऱ्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. अभंगाच्या शेवटची मुद्रा ही कर्तृत्वाची साक्ष नव्हे, हे आपले संशोधक केव्हापासून सांगत आले आहेत.

तिसरा पेच मात्र पोथ्यांना ठाऊक नव्हता. पोथी वाचकाच्या घरात शिरून कुलपे उघडीत नाही. रिपॉझिटरी उघडू शकते. गिटच्या सेटिंग्ज एका राखीव फोल्डरमध्ये असतात आणि कोणता प्रोग्राम चालवायचा हे त्यांत लिहिता येते. त्या नावाचा फोल्डर बाहेरून आला तर गिट तो नाकारते. डिसेंबर २०१४ मध्ये असे उघड झाले की तेच नाव इंग्रजी अक्षरांची लहान-मोठी रूपे बदलून लिहिले तर विंडोज आणि मॅकवर हा पहारा चुकवता येतो. म्हणजे अनोळखी सर्व्हरवरून नुसती प्रत घेणेही धोक्याचे होते.

चौथा पेच देण्याचा. रिपॉझिटरी इतिहास विसरत नाही. चुकून लिहिलेला पासवर्ड पुढच्या नोंदीत खोडला तरी मागच्या नोंदीत शिल्लक असतो, आणि परक्या सर्व्हरवर गेलेला इतिहास परत मागता येत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले, ते मजकूर परक्याच्या हाती पडला तरी अर्थ पडू नये म्हणून. त्याची किंमतही मोठी होती: विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे आणि ठाण्याचे वि. ल. भावे यांच्या काळात त्या लिपीची किल्ली हाती येईपर्यंत हे वाङ्मय पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला बंदच राहिले.

या साऱ्यातून एक गोष्ट निष्पन्न होते. विश्वास रक्षकावर नव्हे, पडताळणीवर ठेवावा. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची संहिता प्रसिद्ध केली. तिची आधारभूत पोथी आज उपलब्ध नाही, म्हणून विद्वत्ता अफाट असूनही वाद मिटत नाही. उलट पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती शेकडो हस्तलिखिते ताडून आणि पाठभेद तळटीपांत उघड ठेवून. तेथे वाचक संपादकाशी पुराव्यानिशी भांडू शकतो.

मात्र हॅश एवढेच सांगतो की प्रत बदललेली नाही. मूळ पाठ खरा होता की नाही, हे तो सांगत नाही. अशुद्ध पोथीची तंतोतंत नक्कल अशुद्धच राहते. आज आपल्या जुन्या ग्रंथांच्या संहिता पडद्यावर येत आहेत आणि विद्यार्थी त्या निःशंकपणे उतरवून घेत आहेत. त्या कोणत्या प्रतीवरून आल्या आणि वाटेत कोणी बदलल्या, हे विचारण्याची सवय वर्गात लागली नाही, तर एकनाथांनी काढलेला गाळ पुन्हा साचायला या वेळी तीनशे वर्षे लागणार नाहीत.