पणजीची सुपारी आणि उटनूरची ज्वारी

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातले उटनूर हे गोंडबहुल प्रदेशातील गाव. तेथून पणजी सरळ रेषेत सुमारे पावणेसातशे किलोमीटर दूर आहे. गोव्याच्या कुळागरातील एक सुपारी उटनूरला नेऊन ठेवावी आणि तिकडच्या ज्वारीचा एक दाणा पणजीत आणून ठेवावा. सुपारी म्हणजे आपला सूर्य मानला, तर ज्वारीचा दाणा म्हणजे सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी. दोहोंचे आकार आणि त्यांच्यामधील अंतर या मांडणीत एकाच मापाने उतरतात.

विश्वाचा विस्तार दैनंदिन वस्तूंनी समजावताना हीच अट महत्त्वाची असते. ग्रहांचे आकार एका मापाने आणि त्यांच्यातील अंतरे दुसऱ्या मापाने काढली, की चित्र आकर्षक दिसते. परंतु ते खोटे ठरते. पाठ्यपुस्तकांतील सूर्यमालेच्या चित्रांत ग्रह एकमेकांना जवळजवळ चिकटलेले दिसतात. कागदाची रुंदी मर्यादित असल्याने चित्रकाराचा नाइलाज असतो. मात्र विद्यार्थ्याच्या मनात तीच गर्दी कायमची ठसते. गाय ऑटवेल यांनी १९८९ साली पृथ्वीला मिरीचा दाणा कल्पून मैदानावर चालत मोजण्याची सूर्यमाला मांडली, ती ही गर्दी मोडण्यासाठीच. आपल्या मांडणीत त्याहून लहान माप घेऊ: एक सेंटीमीटर म्हणजे सहा लाख किलोमीटर.

या मापाने सुमारे १४ लाख किलोमीटर व्यासाचा सूर्य २.३ सेंटीमीटरची सुपारी होतो. पृथ्वी तिच्यापासून अडीच मीटरवर, म्हणजे एका लहान खोलीच्या पलीकडच्या भिंतीपाशी येते. तिचा व्यास मात्र मिलिमीटरचा जेमतेम पाचवा हिस्सा; बारीक वाळूचा एक कण. चंद्र त्या कणापासून साडेसहा मिलिमीटरवर. मनुष्य आजवर जितका दूर जाऊन आला, ते सारे अंतर करंगळीच्या नखाखाली झाकले जाते. गुरू म्हणजे १३ मीटरवरील मोहरीचा दाणा आणि नेपच्यून ७५ मीटरवर. आठही ग्रह शाळेच्या पटांगणात मावले. त्यापुढे उटनूरपासून पणजीपर्यंत मध्ये दुसरा एकही तारा नाही.

प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. आपल्या मापात तो सेकंदाला अर्धा सेंटीमीटर, म्हणजे ताशी १८ मीटर भरतो. सुपारीपासून वाळूच्या कणापर्यंत पोचण्यास त्याला आठ मिनिटे आणि काही सेकंद लागतात, तर पणजीपर्यंत सव्वाचार वर्षे. ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालेले व्हॉयेजर १ हे यान आज मानवनिर्मित वस्तूंपैकी सर्वांत दूर आहे. ते सुपारीपासून चारशे मीटरहून थोडेसेच पुढे गेले आहे. अजून उटनूरची वेसही ओलांडलेली नाही. त्याचा वेग या मापात ताशी एक मिलिमीटर. याच वेगाने पणजी गाठायची तर सुमारे पाऊण लाख वर्षे हवीत.

नित्याच्या वस्तूंनी आकाश ओळखण्याची रीत उटनूर परिसराला परकी नाही. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी मध्य भारतातील गोंडांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यानुसार गोंड समाज मृग नक्षत्रात नांगर पाहतो आणि सप्तर्षींत खाट व ती पळवू पाहणारे तिघे. उटनूरजवळच्या केसलापूर येथील नागोबाची जत्रा पौष अमावास्येला भरते. चंद्र नसलेल्या त्या रात्री हा नांगर माथ्यावर असतो आणि रात्र चढल्यावर ईशान्येला खाट उगवते. दिशा आणि ऋतू ओळखण्यास ही चित्रे उत्तम. खोली मात्र ती सांगत नाहीत. खाटेचे तीन खूर आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आहेत, तर चौथा खूर, क्रतू, सुमारे १२३ प्रकाशवर्षांवर. सुपारीच्या मापात पहिले तिन्ही साडेबारा हजार किलोमीटरवर येतात, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या आरपार. क्रतू एकोणीस हजारांहूनही पुढे. एका अंगणात दिसणारी खाट प्रत्यक्षात अशी विखुरलेली आहे.

येथे सुपारीचे माप थिटे पडते. आपल्या आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे. तो या मापात दीड कोटी किलोमीटरहून अधिक होतो. तेव्हा माप बदलावे आणि संपूर्ण आकाशगंगेला ३० सेंटीमीटरचे जेवणाचे ताट मानावे. उटनूर ते पणजी हे सारे अंतर आता मिलिमीटरच्या ऐंशीव्या हिश्शात सामावते. २५ लाख प्रकाशवर्षांवरील देवयानी दीर्घिका मात्र अवघ्या साडेसात मीटरवर, त्याच पंगतीत पलीकडे मांडलेले ताट. दृश्य विश्वाची सीमा ताटापासून सुमारे १४० किलोमीटरवर येते. ताट पणजीत असेल, तर ती सीमा कोल्हापुराच्या आसपास.

या दोन मापांनी विश्वरचनेतील एक मोठा भेद स्पष्ट होतो. तारे आपल्या आकाराच्या मानाने एकमेकांपासून कमालीचे दूर आहेत. दीर्घिका तशा नाहीत. म्हणूनच दोन दीर्घिका एकमेकींत मिसळतात, तरी त्यांतील तारे सहसा एकमेकांवर आदळत नाहीत. पावणेसातशे किलोमीटरवरील सुपारी आणि ज्वारी यांची टक्कर व्हावी कशी?

मे-जूनच्या संध्याकाळी गोव्याच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे, क्षितिजापासून फार उंच नसलेला एक ठळक तारा दिसतो. मराठीत त्याला मित्र म्हणतात. प्रॉक्झिमा त्याच्याच कुटुंबातील. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. मित्राकडे पाहताना उटनूरची ती सुपारी आठवावी आणि तिच्याभोवतीचा वाळूचा कणही. आपली शेते, नद्या, भाषा आणि युद्धे त्या एका कणावर आहेत. आणि तेथून पणजीपर्यंतच्या वाटेवर, आपल्याला ठाऊक असलेली, मुक्कामाची दुसरी जागा नाही.