बोआचं टाइमटेबल

नागपंचमीला दूध पिणारा नाग आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचा. साप दूध पीत नाहीत हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. पण गंमत म्हणजे ही समजूत काही एकट्या आपली नाही. पहिल्या शतकात प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की इटलीत बोआ नावाचा साप असतो, तो गाईच्या दुधावर पोसला जातो, आणि त्याचं नावही गाईवरूनच पडलंय. पुढे १७५८ मध्ये लिनियसने हेच नाव अमेरिका खंडातल्या एका जाडजूड सापाला देऊन टाकलं: बोआ कन्स्ट्रिक्टर. म्हणजे बघा, या बिचाऱ्याचं बारसंच मुळी त्याच्या खाण्याबद्दलच्या गैरसमजातून झालंय!

आणि तो गैरसमज अजून संपलेला नाही. फक्त दुधाच्या जागी उंदीर आलाय.

१८१७ ची गोष्ट. बटाव्हियाहून (आजचं जाकार्ता) इंग्लंडला निघालेल्या सीझर नावाच्या जहाजावर बोर्निओचा एक १६ फुटी साप होता. जॉन मॅक्लाउड या जहाजी डॉक्टरने त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. तो त्याला बोआ म्हणतो, पण आशियातला एवढा मोठा साप म्हणजे अजगरच असणार. त्या काळी सगळ्याच अवाढव्य सापांना सरसकट बोआ म्हणत. या पाहुण्यासाठी जहाजावर सहा शेळ्या घेतल्या होत्या, महिन्याला एक या हिशोबाने. साप वाटेतच मेला आणि त्याच्या पोटात जंत सापडले. पण 'महिन्याला एक' हा अंदाज बघा! शरीरशास्त्राचा फारसा पत्ता नसताना त्या लोकांनी बांधलेलं हे शेड्यूल, आजच्या कित्येक हौशी मालकांपेक्षा शहाणपणाचं होतं.

१८४९ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सर्पगृह उघडलं आणि सापाचं जेवण हा चक्क तमाशा झाला. जिवंत ससे, गिनिपिग पिंजऱ्यात सोडायचे आणि लोकांनी ते बघायचं. यावर पुढे बरीच टीकाही झाली. तिथल्याच एका बोआने त्या काळात आपलं ब्लँकेट गिळलं होतं आणि काही आठवड्यांनी ते जसंच्या तसं ओकून टाकलं. किस्सा म्हणून आपण हसतो, पण त्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. साप समोरची वस्तू गिळतोय याचा अर्थ ती त्याच्यासाठी योग्य आहे असा होत नाही. 'त्याला भूक आहे, खातोय ना!' हा युक्तिवाद त्या ब्लँकेटनेच निकालात काढायला हवा होता.

विसाव्या शतकात चित्र बदललं ते उंदरांमुळे. प्रयोगशाळांसाठी पांढरे उंदीर ठोकात वाढवायचं तंत्र रुळलं. १९०६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत विस्टार जातीचे उंदीर तयार होऊ लागले, १९२९ मध्ये अमेरिकेतच जॅक्सन प्रयोगशाळा सुरू झाली. हळूहळू साप पाळणाऱ्यांनाही फ्रीझरमधले उंदीर मिळू लागले, तेही शर्टासारखे साइझनुसार. नुकतं जन्मलेलं गुलाबी पिल्लू, लव आलेलं पिल्लू, मोठा उंदीर, घूस. जिवंत उंदीर सापालाच चावून जखमी करतो, तोही धोका टळला. पण सोय झाली की माणूस आपलं कॅलेंडर दुसऱ्यावर लादतो. रविवारी भाजी, रविवारी कपडे, रविवारी सापाला उंदीर. लवकर मोठा व्हावा म्हणून भरमसाट खाऊ घालायचीही टूम निघाली.

सापाच्या शरीरात नेमकं काय चालतं, हे मात्र बऱ्याच उशिरा कळलं. 'गन्स, जर्म्स अँड स्टील'वाले जेरेड डायमंड आणि त्यांचे सहकारी स्टीफन सीकॉर यांनी १९९० च्या दशकात बर्मी अजगरांवर काम केलं. उपाशी अजगराचं आतडं जवळजवळ स्टँडबायवर असतं. भक्ष्य पोटात गेलं की ते झपाट्याने वाढतं आणि मोठ्या जेवणानंतर शरीराचा ऊर्जाखर्च ४० पटींच्या आसपास जातो. २००५ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवलं की ४८ तासांत अजगराचं हृदय ४० टक्क्यांनी वाढतं. काम झालं की सगळं पुन्हा शटडाउन. म्हणजे दोन जेवणांमधला उपास हा 'गॅप' नाहीच, तो या सिस्टिमचा भाग आहे!

बोआ आवळून भक्ष्याचा श्वास कोंडतो, हेही आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. २०१५ मध्ये स्कॉट बोबॅक आणि सहकाऱ्यांनी उंदरांचा रक्तदाब मोजून दाखवलं की काही सेकंदांतच रक्ताभिसरण कोलमडतं.

मग आज काय मानतात? भक्ष्याची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी किंवा थोडी कमी. पिल्लाला साधारण दहा-चौदा दिवसांनी, पूर्ण वाढलेल्याला तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा. गिळल्यावर पुरेशी ऊब आणि दोन दिवस हात न लावणं. ओकला तर लगेच पुन्हा द्यायचं नाही. जास्त खाल्लेला बोआ कुत्र्यासारखा धापा टाकत नाही, मांजरासारखा ओरडत नाही. चरबी साठत राहते आणि एक दिवस तो मरतो. मालक म्हणतो, 'अरे, छान खात होता की!'

हा विषय आता आपल्याही शहरांत आलाय. भारतीय साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. परदेशी बोआसाठी २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नोंदणीचे नियम आले. कागद झाले, पण भूक कशी ओळखायची हे कुठलाच फॉर्म सांगत नाही. आणि बोआचा आपला गावरान भाऊबंद म्हणजे मांडूळ. अंधश्रद्धेपायी त्याची तस्करी होते, आणि वजन जास्त तर भाव जास्त. तिथे तर खाण्याचा हिशोब सापासाठी नसतोच.

दूध काय, उंदीर काय, दोन हजार वर्षं आपण सापाला आपल्या मनाला बरं वाटेल ते आणि तेव्हा देत आलोय. प्रेम करायचं तर कधीकधी काहीच द्यायचं नसतं, हे मान्य करायला मात्र जड जातं.

असो. रविवार आहे, तुम्ही जेवून घ्या. बोआ थांबेल.