करपा आणि कोर्ट

बटाट्याच्या पानांवर काळपट डाग पडले की आपला शेतकरी म्हणतो, "करपा आला." इंग्रजीत त्याला ब्लाइट म्हणतात. परवा अमेरिकन सुप्रीम कोर्टाचा १९५४ सालचा एक निकाल वाचत होतो, तर तिथे हाच शब्द चक्क माणसांच्या वस्तीला लावलेला! म्हटलं, हा शेतातून कोर्टात पोचला कसा?

सतराव्या शतकापासून इंग्रजीत हा शब्द सापडतो. हवेतून काहीतरी वाईट येतं आणि पीक जळतं, अशी तेव्हाची समजूत. १८४५ पासून आयर्लंडचा बटाटा सडत गेला, दुष्काळात सुमारे १० लाख माणसं गेली, तेव्हाही बरेच जण हवामानालाच दोष देत होते. हे एका सूक्ष्मजीवाचं काम आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारीने १८६१ मध्ये सिद्ध केलं.

विसाव्या शतकात अमेरिकन नगररचनाकारांनी हा शब्द उचलला. पडकी घरं, अंधाऱ्या गल्ल्या, जिथे पाऊल टाकायला लोक घाबरतात अशा जागा, सगळं ब्लाइट. १९४९ च्या कायद्याने अशा वस्त्या पाडायला केंद्राचा पैसाही मिळू लागला.

निकालातली वस्ती वॉशिंग्टनच्या नैऋत्य भागातली. माणसं ५,०१२, त्यातली ९७.५ टक्के कृष्णवर्णीय. ५७.८ टक्के घरांचे संडास बाहेर. म्हणजे हाल होतेच, प्रश्नच नाही. पण एका डिपार्टमेंट स्टोअरवाल्यांचं म्हणणं होतं, आमची इमारत काही झोपडपट्टी नाही, ती का घेता? कोर्टाने एकमताने सांगितलं, एकेक इमारत सुटी बघायची नाही, अख्खा भाग एकत्र बघायचा.

करप्याच्या बाबतीत हे पटतं, तो शेतभर पसरतो. पण उपटलेलं रोप पुढे कुठे राहणार, हे कुणी विचारत नाही. नैऋत्य वॉशिंग्टनमधून मात्र सुमारे २३,००० माणसं हलवली गेली.

आणि संडास बाहेर का होते? घरमालक दुरुस्ती करत नव्हते. १९३४ पासून सरकारी गृहकर्ज-विमा कृष्णवर्णीय वस्त्यांना जवळजवळ मिळतच नव्हता. ही कारणं शोधली तर सापडणारी होती. पण 'करपा' म्हटलं की वाटतं, आला कुठूनतरी हवेतून, कुणाचा काय दोष?

शास्त्रज्ञांनी १८६१ मध्येच सोडलेला अर्थ शहरवाल्यांनी उचलला, असं मला वाटतं. द बारीने निदान पान उलटून तरी बघितलं होतं.