ट्रक ड्रायव्हरची ड्युटी किती तासांची? नियम आणि लॉगबुक

रावेर-यावलची केळी दिल्लीकडे निघाली की वेळेची घाई असतेच. माल नाशवंत, आणि ताण येतो ड्रायव्हरच्या झोपेवर. पण ड्युटीच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे.

नियम काय सांगतो?
मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ नुसार:
• दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास
• ठरवून दिलेल्या लांब पल्ल्याच्या मार्गांवर जास्तीत जास्त १० आणि ५४ तास
• सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती
• दोन दिवसांच्या ड्युटीमध्ये सलग ९ तास आराम

फक्त स्टिअरिंगवरचा वेळ धरत नाहीत, गाडीशी जोडलेली इतर कामंही मोजतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी २०२० ची नवी कामगार संहिता आली, पण दिवसाला ८ तासांची मर्यादा तशीच आहे.

लॉगबुक कशाला?
अमेरिकेत ड्रायव्हिंगची मर्यादा ११ तास आहे आणि बहुतेक ट्रकमध्ये इंजिनला जोडलेलं उपकरण तास आपोआप नोंदवतं. आपल्याकडे असं उपकरण सक्तीचं नाही. जीपीएस असला तरी त्याचं ॲप बहुतेक वेळा मालकाकडे असतं.

मोबाईलवर काय करायचं?
• निघताना, थांबताना, पोचल्यावर वेळ, ठिकाण आणि किलोमीटर लिहा
• मीटरचा फोटो काढा
• फास्टॅगचे मेसेज डिलीट करू नका, कारण टोल ओलांडल्याची वेळ त्यातून कळते

धुळ्याला पोचेपर्यंत तास भरले आणि "अजून थोडं पुढे जा" असा फोन आला, तर दाखवायला तुमच्याकडे हिशोब असेल. अपघात किंवा पगाराच्या वादातही तोच कामाला येतो.